सूर्य विसरलेली गुनवोर

आमच्या स्कारवोया बेटावर माणूस आपला की परका, हे तोंडावर कुणी सांगत नाही. ते सूर्यबनावरून, म्हणजे सूर्य परततो त्या दिवशी तळलेल्या गोड पावावरून कळतं.

जानेवारी सरत आला की दोन महिने दडी मारून बसलेला सूर्य दक्षिणेकडच्या दोन सुळक्यांमधल्या खाचेतून पहिल्यांदा डोकं वर काढतो. जेमतेम काही मिनिटं. पण त्या दिवशी शाळा लवकर सुटते, दुकानाला कुलूप लागतं आणि सगळं बेट धक्क्यावर येऊन उभं राहतं. दुकानवाली आस्लाउग सकाळपासून चरबीत बन तळत असते. आत रासबेरीचा मुरंबा, वर साखर. पत्र्याचा भलामोठा डबा धक्क्यावर उघडून ठेवला जातो. ज्यानं त्यानं हातमोजा काढायचा, डब्यात हात घालायचा, बन खायचा, चिकट हात विजारीला पुसायचा आणि मग बनाला नावं ठेवायची. "यंदा चिवट झालेत गं." "मुरंबा घातलायस की नुसता दाखवलायस?" आस्लाउग हे सगळं ऐकते आणि मनातून खूश होते. कुणी नावंच ठेवली नाहीत तर तिला रात्री झोप यायची नाही.

पाहुण्यांची गोष्ट वेगळी. पाहुण्याला बशी मिळते. निळ्या काठाची, वर घडी घातलेला कागदी रुमाल आणि छोटा काटा. पाहुण्यानं बशी दोन्ही हातांनी घ्यायची, बेताबेतानं खायचं आणि "वा, काय सुंदर झालेत" असं म्हणायचं. मग आस्लाउग गोड हसून "आभारी आहे" म्हणते. तिचं ते गोड हसणं ज्याच्या वाट्याला आलं तो आमच्यातला नव्हे, हे पक्कं समजावं.

गुनवोर जन्मली याच बेटावर, मासे खारवायच्या मीठघराला लागून असलेल्या पिवळ्या घरात. पण शाळा संपली आणि ती शिकायला दक्षिणेकडच्या त्रोंदहाइम शहरात गेली. गेली ती गेलीच. तिथं भिंगं आणि लेझर यांच्या कामात शिरली, अंतर मोजणारी यंत्रं बनवत राहिली, लग्न केलं, मोडलं, केस पिकवले आणि आई वारल्यावर पिवळ्या घराची किल्ली घेऊन परत आली. उंच, हाडकुळी बाई. चष्मा कपाळावर ठेवून तोच घरभर शोधणारी. आईच्या मीठघरात तिनं आपली कार्यशाळा थाटली आणि मासे पाळणाऱ्या लोकांना मापाची यंत्रं करून देऊ लागली.

परत आल्यावरच्या पहिल्याच सूर्यदिवशी ती धक्क्यावर आली, आनंदानं हातमोजा काढला, डब्याकडे हात नेला, आणि आस्लाउगनं तिच्या त्या हातावर अलगद बशी ठेवली. काटा होता, रुमाल होता, गोड हसणंही होतं. माणसाला मारायचं तर असं मारावं. गुनवोरनं बशी घेतली. "छान झालेत," म्हणाली आणि घरी गेली. दुसऱ्या वर्षीही बशी. तिसऱ्या वर्षीही बशीच. पलीकडच्या किनाऱ्यावरून माणसं नि सामान आणणाऱ्या बोटीचा कप्तान हिल्मार शाळेत तिच्याच बाकावर बसायचा, पण तोही तिला हाक मारायचा ती "दक्षिणवाली" म्हणून. आमच्याकडे ही काही मायेची हाक नाही.

साठीला आलेल्या बाईनं एका बनासाठी झुरावं याचं तिचं तिलाच हसू यायचं. पण झुरायची, हे खरं. बन कुणाला हवा होता? तिला तो न विचारता डब्यात घातलेला हात हवा होता.

आता यंत्राचं सांगतो. तिसऱ्या बशीनंतर, पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी बर्फाच्या झडीत हिल्मारची बोट धक्क्यावर धाडकन आदळली. कुणाला लागलं नाही, पण आस्लाउगच्या दुकानासाठी आलेली अंडी सगळी फुटली. बर्फ आडवा पडत असला की धक्क्यावरचे दिवे एकमेकांत मिसळून जातात आणि किती पुढं आलो तेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात कॉफीच्या टेबलावर गुनवोर म्हणाली, "हिल्मार, मी धक्क्यावर अंतर मोजायचं यंत्र लावते. मोठ्या आकड्यांची पाटी लावू. तुला सुकाणूच्या खोलीतून दिसेल, बोट किती लांब आहे ते."

"मी तीस वर्षं डोळ्यांनी मोजतोय," हिल्मार म्हणाला.

"ते अंड्यांना सांग."

टेबलावरचे सगळे खो खो हसले. हिल्मारनं कॉफी ढवळली, जरा जास्तच वेळ ढवळली. "लाव बाई," म्हणाला. "तुझी हौस भागव."

यंत्र तसं समजायला सोपं. त्याला दोन डोळे. एका डोळ्यातून लेझरचा न दिसणारा प्रकाश झपझप ठोक्याठोक्यानं बाहेर जातो, बोटीच्या नाकाडावर लावलेल्या चमकत्या पट्टीवर आपटतो आणि परततो. दुसरा डोळा परत आलेला प्रकाश वेचतो. जायला-यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. पण बर्फाच्या झडीत परत येणारा प्रकाश अगदीच थोडा. म्हणून गुनवोरनं दुसऱ्या डोळ्याला मोठं भिंग लावलं, त्याची नजर चांगली ऐसपैस ठेवली, म्हणजे बोट लाटांवर डुलली तरी पट्टी नजरेतून निसटू नये. भिंगाच्या मागं रंगाची एक काच असते, लेझरचा तेवढाच रंग आत सोडणारी. ती काच जितकी काटेकोर तितकी थंडीत नखरे करते, तिचा रंग जरासा सरकतो. म्हणून गुनवोरनं मुद्दाम ढिली काच घेतली. येईल तो प्रकाश येऊ दे आत, एक कणही वाया जायला नको.

आणि यंत्र असं चाललं म्हणता! ते लागेपर्यंत नोव्हेंबर संपत आला, सूर्य गेला, काळोख पडला. वादळ झालं, झड झाली, उणे पंधरा झालं. पाटीवर आकडे तांबडे लखलखीत. हिल्मार आधी पाटीकडे बघतच नव्हता. मग चोरून बघू लागला. मग आकडे मोठ्यानं म्हणू लागला, आणि नाताळच्या आधी एकदा दोर बांधता बांधता गुनवोरला म्हणाला, "बरी आहे तुझी पाटी."

आमच्याकडे "बरी आहे" याच्या पुढं कौतुकाचा शब्द नाही. गुनवोर त्या दिवशी घरी गेली आणि एकटीच स्वयंपाकघरात नाचली. तिनं उकडलेल्या कॉड माशाचं, त्याच्या यकृताचं नि गाभोळीचं म्योल्ये केलं, पोटभर खाल्लं, आईच्या तसबिरीला सांगितलं. नवं वर्ष लागल्यावर आस्लाउगसुद्धा दुकानात चीज कापता कापता म्हणाली, "यंदा बन जरा जास्त तळावे लागतील. अंडी शाबूत येतायत ना." एवढंच. पण गुनवोरनं त्यातून काय घ्यायचं ते घेतलं. यंदा हातात मिळणार.

सूर्यदिवशी आकाश धुतल्यासारखं होतं. सगळे धक्क्यावर, तोंडं दक्षिणेला. दुपारची बोट मुद्दाम पाच मिनिटं उशिरा निघाली होती, म्हणजे पलीकडून येणाऱ्यांनाही पाण्यावरून सूर्य दिसावा. गुनवोर पाटीच्या खांबाजवळ, उजवा हातमोजा आधीच काढून खिशात घातलेला. बोट लांबून येत होती, पाटीवर तीनशे दहा, तीनशे, दोनशे नव्वद. खाचेच्या कडेला सोनेरी धार दिसली. मग सूर्य आला, अगदी बोटीच्या डोक्यावर, आणि पोरांनी एकच कल्ला केला. म्हाताऱ्या एडलानं डोळे पुसले, ती दरवर्षी पुसते. चेहरे सगळे तांबूस झाले.

आणि पाटीवर आकडा आला, चार.

बोट अजून निम्म्या खाडीत. पाटी म्हणाली चार मीटर. मग दोन. मग सात. मग तीन. लोक सूर्य सोडून पाटीकडे बघायला लागले. बोटीनं भोंगा दिला, वेग कमी केला, आणि कर्ण्यातून हिल्मारचा आवाज सगळ्या खाडीवर घुमला.

"गुनवोर, तुझ्या यंत्राच्या मते मी पोचलोय. दोर कोण धरतंय?"

हसू कसलं, धक्का हादरला. पोरं पाण्याकडे हात लांबवून दोर धरायची नक्कल करू लागली. आणि गर्दीतून कुणीतरी, कोण ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही, म्हणालं, "गुनवोर, सूर्य विसरलीस काय गं?"

विसरलीच होती. तेच तर झालं होतं. बर्फ धरला, थंडी धरली, लाटा धरल्या, आणि ज्याची सगळं बेट दोन महिने वाट बघत होतं तो सूर्य तेवढा हिशेबात धरला नाही. आमचा सूर्य डोक्यावर चढत नाही. क्षितिजावर बसून समोरून तोंडावर येतो. यंत्राचं तोंड दक्षिणेला, बोट दक्षिणेहून येणार, सूर्यही दक्षिणेला. ऐसपैस नजर आणि ढिली काच, सगळी दारं सताड उघडी. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात, लेझरचाही असतो. आतला डोळा दिपून गेला आणि दिपलेल्या माणसासारखं समोर काहीही दिसू लागलं.

सूर्य खाचेआड गेला आणि पाटीनं निमूटपणे खरा आकडा दाखवला, एकशे वीस. तेवढ्यात हिल्मारनं बोट पाटीकडे न बघता, नुसत्या डोळ्यांनी, अंड्याला अंडं लागावं तशी धक्क्याला टेकवली. तेही त्यानं मुद्दामच केलं.

आस्लाउग आली. हातात निळ्या काठाची बशी. यंदा रुमाल दोन होते. गुनवोरनं खिशातून हातमोजा काढून परत हातात घातला, बशी घेतली, एक घास खाल्ला. "छान झालेत," ती म्हणाली. आणि घरी जाऊन, खोटं कशाला सांगू, रडली.

रडून झाल्यावर चष्मा कपाळावर चढवला, पाच मिनिटं तो शोधला आणि कामाला लागली. काय करायचं हे तिला ठाऊक होतं. त्रोंदहाइममध्ये तिनं हेच तर केलं होतं. म्हणून तर राग जास्त. स्वतःलाच "गाढवे, गाढवे" म्हणत तिनं ढिली काच काढली, खणात तळाला पडलेली काटेकोर काच शोधली आणि तिनं थंडीत नखरे करू नयेत म्हणून शेजारी विजेवर तापणारी बोटभर तार बसवली. आतल्या डोळ्यापुढं बारीक भोकाची पत्र्याची चकती लावली, म्हणजे त्यानं फक्त बोटीचं नाकाड बघावं, दुनिया नको. यंत्राला नवी सवय लावली. दोन ठोक्यांच्या मधे लेझर गप्प असताना नुसता उजेड किती येतोय ते बघायचं आणि ठोक्यातून तेवढा वजा करायचा. पण वजाबाकी डोळा दिपला नसेल तरच चालते, म्हणून खरी मेहनत सूर्याला दारातच अडवायची. तिनं भिंगापुढं लांब नळकांडं बसवलं, आतून काळं रंगवलं, आणि यंत्राचं तोंड केसभर खाली झुकवलं. आता बोटीवरची पट्टी खाली, पाण्यालगत, आडवी लावायला हवी होती.

त्यासाठी बोटीवर जायला हवं होतं. हिल्मारनं तिला शिडी धरून दिली.

"काय गं दक्षिणवाली, आता खाली वाकून बघणार तुझं यंत्र? लाजलंय वाटतं."

"धर ती शिडी नीट." गुनवोर पट्टी ठोकत होती. "आणि ऐक, तुला हसायला आणखी एक देते. त्रोंदहाइमच्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला होता. झालं ते सांगितलं. पठ्ठ्या एवढा हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, आमच्याकडे काल लागलेलं पोरगंसुद्धा उघड्यावर यंत्र मांडायच्या आधी सूर्य कुठं आहे ते बघतं. म्हणाला, इथं सूर्य विसरणारा माणूस मी जन्मात बघितला नाही."

तिला वाटलं, हिल्मार आता हे कर्ण्यावरून जाहीर करणार. पण तो शिडी धरून दाढी खाजवत उभा राहिला. "असं म्हणाला?" त्यानं विचारलं.

"असंच म्हणाला."

"हं," हिल्मार म्हणाला. तो "हं" म्हणाला की त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, पण ते बाहेर यायला कधी कधी आठवडा लागतो.

आता यंत्र तपासायचं कसं? सूर्य हवा. आणि सूर्य आमच्याकडे मागून मिळत नाही. रोज दुपारी थोडा वेळ येणार, तोही ढगांची मर्जी असली तर. गुनवोरनं मोठा दिवा लावून बघितला होता, पण दिवा तो दिवाच. सूर्यानंच तोंडावर पाडलं होतं, त्याच्याच समोर उभं राहायला हवं होतं. ढग काही हलेनात. आणि मग बेटाचा स्वभाव बघा. ज्यांनी तिची टर उडवली तेच आता तिच्यासाठी सूर्याच्या पाळतीवर बसले. वरच्या वाडीतला एडलाचा नवरा टेकडीवरून फोन करायचा, "फट पडतेय, फट पडतेय." आस्लाउग गिऱ्हाईक सोडून दुकानाच्या दारात यायची. गुनवोर मीठघरातून धावत सुटायची, आणि धक्क्यावर पोचेपर्यंत फट मिटलेली असायची. "गेला," आस्लाउग म्हणायची. "तुझ्या पायगुणानं गेला." गुनवोर आता त्यावर हसू लागली होती.

एकदाचा आला. दुपारची बोट, मागं सूर्य, खाली पाण्यावर चमचम. पाटीवर दोनशे ऐंशी, दोनशे सत्तर, दोनशे साठ. गुनवोर ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होती. दोनशे पन्नास, मग नऊ, मग दोनशे चाळीस, मग परत सहा. उचकी लागल्यासारखं.

"सुधारतंय," धक्क्यावरचा एकजण म्हणाला. "आता मधून मधूनच खोटं बोलतं."

गुनवोरनं नळकांड्यात डोकावून बघितलं. आत काळा रंग असा चमकत होता की विचारू नका. बोटीचा रंग लावला होता तिनं, घरात पडलेला, तुळतुळीत. काळा रंग समोरून बघितला तर काळा, पण सूर्याचा उजेड कडेनं घासत आत शिरला की तोच रंग आरसा होतो आणि उजेड घरंगळत थेट डोळ्यापर्यंत पोचतो. सूर्याला दारात अडवलं होतं, पण तो भिंतीला घासत घासत आत आला होता.

तिनं नळकांड्यात ठरावीक अंतरावर पत्र्याच्या कड्या बसवल्या, उंबऱ्यासारख्या, म्हणजे घरंगळणारा उजेड प्रत्येक उंबऱ्याला ठेचकाळावा. पण कड्यांवर आणि भिंतीवर लावायला असं काही हवं होतं, जे उजेड गिळेल आणि परत ओकणार नाही. मागवलं असतं तर आठवडा गेला असता. ती घरात फिरली. कपाट उघडलं. वरच्या फळीवर आईची काळी मखमली टोपी होती, चर्चला जायची. आईनं ती जन्मभर घातली. लग्नांना, बारशांना, मयतांना, आणि उन्हाळ्यात ऊन डोळ्यावर आलं की पुढं ओढून घ्यायची. गुनवोर टोपी हातात घेऊन पलंगावर बसली. मग उठली आणि कात्री आणली.

"तुझ्या आईच्या टोपीत सूर्य कोंडतेस?" हिल्मारनं दुसऱ्या दिवशी नळकांड्यात बोट घालून विचारलं.

"ती असती तर म्हणाली असती, नवं कापड फुकट घालवू नकोस, टोपी घे."

"म्हणाली असती खरी," हिल्मार म्हणाला. "माझ्या बारशाला हीच टोपी होती तिच्या डोक्यावर. फोटोत आहे."

मग पुन्हा ढग, पुन्हा पाळत. आणि एका दुपारी टेकडीवरून फोन आला, तो नुसता हसण्याचाच. सगळं आकाश एकदम मोकळं झालं होतं. सूर्य आता खाचेतून पुरता वर यायचा आणि बराच वेळ थांबायचा. सगळे पुन्हा धक्क्यावर. सूर्यदिवसासारखीच गर्दी, फक्त आमंत्रण नव्हतं. बोट दिसली. सूर्य तिच्या डोक्यावर असा की डोळे उघडवेनात. माणसं कपाळावर हात धरून उभी होती आणि बोट नुसती काळी सावली.

तीनशे. दोनशे नव्वद. दोनशे ऐंशी. दोनशे सत्तर.

गुनवोर पाटीकडे बघत नव्हती, लोकांच्या तोंडाकडे बघत होती. दोनशे. एकशे नव्वद. आणि बोट थांबली.

तिनं चटकन पाटीकडे बघितलं. कर्णा खरखरला. "उलटा जातोय," हिल्मार म्हणाला. "बघू, परत जाताना मोजते का." बोट मागं गेली, आकडे वाढले. पुढं आली, कमी झाले. पुन्हा मागं. बोटीवर पाद्रीणबाई होत्या, एडलाच्या नातवाच्या बारशाला निघालेल्या. त्यांचा आवाज कर्ण्यात मागून ऐकू आला, "हिल्मार, पोरगं शाळेत जायच्या आत पोचू ना रे आपण?" "पोचतोय, पाद्रीणबाई, सूर्य आहे तोवर करून घेतो." त्यानं बोट एका बाजूला नेली, सूर्य पट्टीच्या अगदी वर येईल अशी धरली, डुलवली. पाटी एकदाही चुकली नाही. एकदासुद्धा नाही. एकशे दहा, शंभर, नव्वद, सूर्य तिच्या थेट तोंडावर आणि पाटी शांतपणे आपलं मोजतेय. गुनवोरला इतका आनंद झाला की तिनं खांबालाच मिठी मारली.

बोट टेकली. हिल्मार दोर बांधून वर आला तेव्हा आस्लाउग दुकानातून येत होती, आणि तिच्या हातात तो पत्र्याचा डबा होता.

"हे काय आणि?" कुणीतरी विचारलं.

"त्या दिवशी सूर्य बघितला कुणी?" आस्लाउग म्हणाली. "सगळे पाटी बघत होते. तो दिवस माझ्या लेखी झालाच नाही. आज परत तळले."

डबा उघडला. हात पडले. गुनवोर मागंच उभी राहिली, हातमोजे घालून, खांबाला धरून. यंत्र चाललं होतं, एवढं तिला पुरे होतं, असं ती स्वतःला सांगत होती. आस्लाउगच्या काखेत निळ्या काठाची बशी होतीच. सवयच ती. तिनं बशीत बन ठेवला, रुमालाची घडी केली आणि गुनवोरकडे निघाली.

"थांब जरा," हिल्मार म्हणाला.

तो मधे येऊन उभा राहिला. त्याला जमावापुढं बोलायची सवय फक्त कर्ण्यावरून, त्यामुळं तो उगाचच मोठ्यानं बोलत होता.

"आस्लाउग, त्रोंदहाइमवाले काय म्हणतात ठाऊक आहे? त्यांच्याकडे सूर्य विसरणारं माणूसच नाही. कालचं पोरगंसुद्धा आधी सूर्य कुठंय ते बघतं. दक्षिणवाल्याला अंधारात यंत्र करायला सांग, तो पहिल्या दिवशी विचारेल, ऊन कुठून येतं. विचारेलच. त्याचा सूर्य कधी गेलेलाच नसतो ना." त्यानं दाढी खाजवली. "नोव्हेंबर संपला की जग म्हणजे काळोख, बर्फ नि दिवे, असं मनापासून कुणाला वाटतं? मला वाटतं. तुला वाटतं. एडलाला वाटतं, म्हणून तर ती दरवर्षी रडते. आणि हिला वाटलं. पस्तीस-चाळीस वर्षं दक्षिणेत काढून परत आली आणि चौथ्या हिवाळ्यात सूर्य विसरली. अगं, दक्षिणवालीला हे जमलंच नसतं."

एडला म्हणाली, "खरंच की." आणि पाद्रीणबाई हसू लागल्या.

आस्लाउगनं बशीकडे बघितलं. गुनवोरकडे बघितलं. मग बशीतला बन उचलून परत डब्यात टाकला, बशी हिल्मारच्या हातात दिली, "धर, पाहुणा आला की दे," म्हणाली, आणि डबा उचलून गुनवोरच्या समोर आणून धरला. नुसता धरला.

गुनवोरनं हातमोजा काढला. तिनं डब्यात हात घातला, अगदी तळापर्यंत घातला, आणि एक गरम बन वर काढला. मोठा घास घेतला. मुरंबा हनुवटीवर आला. सगळे तिच्याकडे बघत होते आणि सूर्य सगळ्यांच्या तोंडावर होता. ती सावकाश चावत राहिली. मग हात विजारीला पुसला.

"साखर कमी पडलीय गं," ती म्हणाली. "आणि जरा चिवट झालेत."

आस्लाउगचं तोंड असं फुललं की तसं ते कुणा पाहुण्यासाठी कधी फुललं नाही. "आयतं खायला मिळतंय ते खा मुकाट्यानं," ती म्हणाली, आणि तिच्या हातावर दुसरा बन ठेवला.